समास नसलेली पार्श्वभूमी

हाताने केलेल्या शुभेच्छापत्राची पार्श्वभूमी, पत्र उघडताच कागदावरून उतरते आणि ज्याच्या नावे ते आले असेल त्याच्या पाठीशी जाऊन उभी राहते. तीस दिवस ती तेथे असते. एकतिसाव्या दिवशी सकाळी निमूटपणे कागदावर परतते. छापील पत्रांच्या पार्श्वभूमी उंबऱ्यापर्यंतही टिकत नाहीत. म्हणूनच त्या गावात कागद रंगविणाऱ्यांना नगरपालिकेचा परवाना घ्यावा लागे, आणि कालिंदी दातार हिचा परवाना बावीस वर्षे निष्कलंक होता.

ती अबरी करी. मेथ्या भिजवून गाळलेले बुळबुळीत पाणी परातीत ओतायचे, त्यावर रंगाचे थेंब सोडायचे, ते पसरले की लाकडी फणी एकदाच, हात न डळमळता, ओढायची आणि कागद अलगद टेकवून उचलायचा. बाजारातला नक्षीचा कागद तिने कधी घरात आणला नाही. दुसऱ्याच्या हातची पार्श्वभूमी पाठवणे म्हणजे दुसऱ्याच्या तोंडाने हसणे, असे तिचे मत होते आणि ते ती न विचारताही सांगे.

या कामातला पहिला नियम असा, की कागदाच्या चारी कडांना अंगठाभर कोरा समास राखायचा. आपण कोठे संपायचे, हे पार्श्वभूमीला समासावरूनच कळते. चैत्रात वामनमामांना पंचाहत्तरावे वर्ष लागले, तेव्हा कालिंदीने त्यांच्या पत्राला समास राखला नाही.

मामांनी चाळीस वर्षे एका छायाचित्रकाराच्या दुकानात रंगीत पडदा धरला होता. पडद्यावर तळे, कमळे आणि दूरवर एक राजवाडा. पुढे नवरा-नवरी, मुंजे बटू, नवे पदवीधर. पडद्यामागे दोन्ही हात वर करून मामा. त्यांच्या स्वतःच्या मागे मात्र विजेच्या मीटरची पेटी असे. अशा माणसाला मापून द्यायचे नाही, असे भाचीने ठरविले आणि मोरपंखी रंगात सोनसळी शिरा ओढून कागद कडेपर्यंत भरून टाकला.

पार्श्वभूमी मामांच्या पाठीशी उभी राहिली. एकतिसाव्या दिवशी ती कागदावर परतली नाही. ज्येष्ठात ती गल्लीभर झाली. आषाढात शेजारच्या गोठ्यातील म्हशीलाही मागे मोरपंखी लाभले, तेव्हापासून धार काढतानाही ती छायाचित्राला उभी असल्यासारखी मान वळवीनाशी झाली. भाद्रपदात पार्श्वभूमी निरीक्षक खांबेटे मोजमापाची फीत आणि नोंदवही घेऊन मामांच्या ओसरीवर आले. कालिंदी तेथेच होती.

"समास विसरलात?" त्यांनी विचारले.

"विसरले नाही. ठेवला नाही."

"विसरलात असे लिहितो. ते क्षम्य आहे."

"तसे लिहू नका, खांबेटे. तो कागद करताना माझ्या हातून काहीही निसटलेले नाही."

खांबेट्यांनी लेखणी उचलून पुन्हा ठेवली. "मग मूळ कागदाच्या कडांना आज पट्टीने चार रेघा मारा. पार्श्वभूमी आवरून येईल. न मारल्यास परवाना रद्द. माझा इलाज नाही."

"मार गं रेघा," मामा आतून कागद घेऊन येत म्हणाले. "परवाना गेला तर त्या परातीत काय पोहे भिजवणार आहेस?"

"तुम्हांला नको झाली का ती?"

"नको कशी होईल? मागे इतके देखणे काही असताना हात खाली सोडून बसायचे, हे मला पंचाहत्तराव्या वर्षी कळले. पाच महिने बसलो. पुष्कळ झाले." एवढे बोलून त्यांनी कागद तिच्यापुढे सरकविला आणि हात पुन्हा मांडीवर ठेवले.

कालिंदीने पट्टी कागदावर ठेवली. मामांच्या मांडीवरच्या हातांकडे पाहिले. पट्टी उचलली, पिशवीतून परवाना काढला आणि निरीक्षकांच्या हातात दिला.

"घ्या. बावीस वर्षांत यापेक्षा चांगले काही केलेले नाही. याच्यावर रेघ ओढली तर परवाना कशाचा जपायचा?"

"विचार करा, ताई."

"चैत्रातच केला."

"आईवर गेली आहे," मामा निरीक्षकांना म्हणाले. "तुम्ही चहा घ्या."

चहा झाल्यावर खांबेटे निघाले. परवाना रद्द करावयाचा तर पार्श्वभूमीच्या शेवटच्या टोकाशी उभे राहून पंचनामा करावा लागतो. ते बाजारातून, नदीच्या पुलावरून, पुढच्या माळावरून फीत टाकत गेले. चौथ्या दिवशी परतले तेव्हा त्यांच्या वहाणा झिजल्या होत्या.

"टोक नाही," ते म्हणाले. "जवळ जावे तो पुढे सरकते. आणि ज्याला टोक नाही ती पार्श्वभूमी ठरत नाही, तो मुलूख ठरतो. मुलूख आमच्या खात्याकडे येत नाही. हा तुमचा परवाना. फक्त मुलखाच्या वहीत कर्त्याचा रकाना असतो. आजवर तो कोणी भरलेला नाही, पण कोरा ठेवता येत नाही."

कालिंदीने पदराने हात पुसले आणि आपले पूर्ण नाव, एकेक अक्षर नीट वळवून, तेथे लिहिले. मामांनी ते दोनदा वाचून घेतले.

आठवड्याने शेजारच्या तालुक्याचे पत्र आले. आपले मोरपंखी सोमवारपासून आमच्याकडे पोहोचले असून ते उत्तम आहे. आमचे जुने डोंगर मध्ये येतात, ते काढून घ्यावेत किंवा कसे, हे कळवावे.

कालिंदीने परतटपालाने कळविले : डोंगर असू द्यावेत. रंग त्यांना धरूनच ओढला आहे.