सासरेबुवांसाठी ई-रीडर

सासरेबुवांना ई-रीडर घ्यायचा, एवढंच घरात ठरलं होतं. ‘पण पारखून घ्यायचा’ ही पुस्ती मी जोडली आणि तिथेच घात झाला.

सासरे निवृत्त न्यायाधीश. डोळ्यांच्या दुखण्यानंतर त्यांना छापील अक्षर दिसेनासं झालं, तेव्हा बायको त्यांना आमच्याकडे घेऊन आली. दिवसभर ते पुस्तकांच्या कपाटासमोर खुर्ची टाकून बसत आणि एकेका पुस्तकाची पाठ नुसती चाचपत. ते बघून बायको आत जाऊन डोळे पुसून येई. अशा वेळी जावयाने काहीतरी करायलाच हवं. (मग तो जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयातला कारकून का असेना.)

मी दोन ई-रीडर उसने आणले. एक आमच्या हेडक्लार्कचा, नवा कोरा, टचस्क्रीनवाला. दुसरा वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांचा, कडेला दोन बटणं असलेला, जुनाट. आखीव कागदावर चौदा मुद्द्यांचा तक्ता केला. चौदापैकी तेरा मुद्द्यांत टचस्क्रीन पुढे होता. चौदावा मुद्दा ‘वाचता येणे’ हा होता; तो तपासायचा राहिला होता.

रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर मी सासऱ्यांसमोर टचस्क्रीन धरला. “बाबा, नुसता स्पर्श करायचा. अक्षर हवं तेवढं मोठं!”

मी दोन बोटं फाकवली. पडद्यावर फक्त एक ‘ख’ उरला.

“ही कादंबरी आहे की डोळे तपासायचा तक्ता?” सासरे म्हणाले.

अक्षर लहान करायला गेलो तर पडदा आडवा झाला, मग उभा झाला, मग अरबी वाटावी अशा कुठल्याशा लिपीत गेला. शेवटी कसाबसा ठिकाणावर आला तेव्हा सासरे म्हणाले, “जावईबापू, आजच्या दिवस तुम्हीच वाचा.”

रहस्यकथा होती. मी घसा साफ करून सुरुवात केली. “‘दिवाणखान्यात डॉक्टर निपचित पडले होते. नाडी बंद होती. डॉक्टर मेले होते.’” एवढ्यात माझा अंगठा कडेला टेकला असावा. मी आपला भरधाव. “‘डॉक्टर हसून म्हणाले, चहात साखर जरा कमी घाला.’”

“थांबा,” सासरे म्हणाले. “डॉक्टर मेले होते ना?”

“हो.”

“मग साखर कोणाला कमी हवी आहे?”

खरं तर ‘चुकून चाळीस पानं पुढे गेली’ एवढंच म्हणायचं. पण तेरा मुद्द्यांची अब्रू पणाला लागली होती. “आधीची आठवण सांगितलीय, बाबा,” मी ठोकून दिलं. (मेलेल्याने चहा मागितलेला आमच्या कार्यालयात मुळीच चालत नाही. तीन प्रतींत खुलासा द्यावा लागतो.)

मागे जायला म्हणून मी पडद्यावर बोट ओढलं, नजर न काढता वाचत राहिलो. “‘इन्स्पेक्टरने त्याच्या डोळ्यांत रोखून पाहिलं आणि दरडावून विचारलं... गुलाबाची छाटणी झाल्यावर मुळाशी शेणखत घालून हलक्या हाताने माती दाबावी.’”

हेडक्लार्कला बागकामाचा नाद आहे, हे मला तेव्हा कळलं.

सासरे मात्र खुर्चीत ताठ झाले. “अस्सं! म्हणजे प्रेत बागेत पुरलंय! पुढे?”

“पुढे... ‘कीड दिसल्यास फांदी निर्दयपणे कापावी.’”

“खुनी माळी आहे!” सासरे कडाडले आणि खो-खो हसत सुटले. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. दारात बायको उभी होती. कधीपासून, कोण जाणे.

“अहो, आणा ते इकडे,” ती म्हणाली. तिने टचस्क्रीन माझ्या हातातून काढून घेतला आणि दंतवैद्यांचा जुनाट ई-रीडर बाबांच्या हातात दिला. बाबांचा हात थोडा कापतो. टचस्क्रीनला त्या प्रत्येक कापण्यात हुकूम दिसला असता. बटण मात्र दाबल्याशिवाय हलत नव्हतं. बायकोने अक्षर मोठं करून दिलं. बाबांनी एक पान वाचलं. खट्. दुसरं वाचलं. खट्. मग आम्ही दोघं तिथे आहोत हेच ते विसरले.

तासाभराने त्यांनी मान वर केली. “निकाल देतो. मला हे बटणांचंच घ्या.”

“आणि टचस्क्रीन?” तक्ता पाठीमागे लपवत मी विचारलं.

“तसला एक जावयांसाठी घे गं,” ते लेकीला म्हणाले. “या घरात यांच्या बोटाच्या इशाऱ्यावर हलणारं निदान काहीतरी असू दे.”

बायको पदर तोंडाला लावून हसायला लागली. आता मात्र माझा स्वाभिमान जागा झाला. मी टचस्क्रीन पुढे ओढला आणि सगळ्यांच्या देखत ऐटीत पडद्यावर बोट टेकवलं. तो ढिम्म हलला नाही. पुसून टेकवलं, दाबून टेकवलं, दुसऱ्या हाताचं टेकवलं.

“बघू,” म्हणून बायकोने नुसता हात पुढे केला. बोट टेकायच्या आतच पान उलटलं.