सहा महिन्यांचा तवा

वाफेवाल्यांनी त्या रविवारी ठरवलं होतं ते एवढंच, की आज हाताने एकही भांडं घासायचं नाही. (लोक याहून मोठमोठे निर्णय घेतात आणि ते पचवतातही. यांना हा पचला नाही.)

इस्पितळात त्यांना सगळे वाफेवाले म्हणत, कारण शस्त्रक्रियेची हत्यारं वाफेने निर्जंतुक करणाऱ्या खोलीत त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. कात्र्या, चिमटे, ट्रे, जे येईल ते मशीनमध्ये भरायचं, दार लावायचं, बटण दाबायचं. दिवसभर हे केल्यावर घरी पुन्हा सिंकपाशी उभं राहणं त्यांच्या अगदी जिवावर यायचं. पण बायकोच्या उजव्या मनगटाला प्लास्टर होतं, तेव्हा सुटका नव्हती. शेवटी लेकीला दया आली आणि तिने भांडी धुण्याचं मशीन पाठवलं. बायकोने डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरांत यादी लिहून फ्रिजवर लावली: लाकूड नको, बीड नको, नॉनस्टिक नको, सोनेरी कडांचे कप नकोत, धारेच्या सुऱ्या नकोत. वाफेवाल्यांनी ती वाचली नाही. ज्याने नामांकित सर्जनांची हत्यारं सांभाळली त्याला आता फ्रिजने शिकवायचं, म्हणजे अतिच झालं.

नाश्ता झाल्यावर बायको जरा पडली. यांनी हाताला लागेल ते आत कोंबलं, सगळ्यात गरम पाण्याचं बटण दाबलं आणि स्वतःही सोफ्यावर आडवे झाले.

बाराला दार उघडलं. लाकडी डाव उभा चिरला होता. कपांच्या सोनेरी कडा गेल्या होत्या. अॅल्युमिनियमचं पातेलं काळवंडलं होतं आणि डब्याचं झाकण आता कुठल्याच डब्याचं राहिलं नव्हतं. इथवर निभावून नेता आलं असतं. पण तळाशी बिडाचा तवा होता आणि तो चक्क नारिंगी झाला होता.

वाफेवाले खालीच बसले. हा तवा सासूबाईंचा. त्या गेल्यावर दोघी बहिणींनी सगळं समजुतीने वाटून घेतलं, फक्त तव्यापाशी गाडं अडलं. शेवटी सहा महिने थोरलीकडे, सहा महिने धाकटीकडे असं ठरलं. मागच्या खेपेला धाकटीकडून तवा आला तेव्हा त्यावर मोहरीएवढा गंज होता. त्या मोहरीवरून बायकोने बहिणीला फोनवर सहा महिने ऐकवलं होतं. आणि आज चार वाजता धाकटी तवा न्यायला येणार होती.

त्यांनी मीठ घेऊन तवा घासला, तेल चोपडलं, गॅसवर चढवला. (एकही भांडं घासायचं नाही म्हणणारा माणूस एकच भांडं दोन तास घासत होता.) घरभर धूर झाला तशी बायको खोकत बाहेर आली. त्यांनी घाईघाईने खुलासा केला, की इस्पितळात याहून कडक वाफेत सगळं जातं आणि लख्ख निघतं.

"इस्पितळात बिडाचा तवा येतो का हो?" एवढंच तिने विचारलं.

मग ती तव्यावरून डाव्या हाताची बोटं फिरवत बसली. आईच्या रोजच्या हातातलं घरात तेवढंच होतं, हे वाफेवाल्यांना ठाऊक होतं. ती रडली असती तर बरं झालं असतं असं त्यांना वाटलं.

चारला मेहुणी आली. टेबलावरचा गंजाच्या ठिपक्या-ठिपक्यांचा तवा बघून ती पर्स खांद्यावरून काढायचीही विसरली.

"ताई, हे काय झालं?"

वाफेवाल्यांनी घसा खाकरला. पण बायको आधी बोलली.

"मीच टाकला ग मशीनमध्ये. एका हाताने आवरताना लक्षातच आलं नाही."

मेहुणीने शेजारी बसून तिच्या प्लास्टरवर हात ठेवला. आपल्याकडेही एकदा गंजला होता, तेल पाजलं की महिन्याभरात येतो ठिकाणावर, असं म्हणाली. दोघी आईच्या आठवणीने थोड्या रडल्या. मग मेहुणीची नजर वाफेवाल्यांवर पडली. ताईचा हात मोडलेला, पण भाऊजी धडधाकट होते ना? जन्मभर मशीनंच चालवली ना? मग बायकोला अडवता येऊ नये? पुढचा अर्धा तास याच विषयात गेला. बायकोही मान डोलवत होती. मध्येच तिने, मी यांना विचारलं होतं, पण यांचं लक्ष कुठे असतं, असंही घातलं.

मेहुणी तवा पिशवीत घालून गेली. वाफेवाल्यांचे डोळे भरून आले होते. एवढ्या वर्षांत आपल्यासाठी कुणी असं काही केलं नव्हतं.

"माझ्यासाठी खोटं बोललीस," ते म्हणाले.

"तुमच्यासाठी कशाला?" बायको दमलेल्या आवाजात म्हणाली. "तवा आईकडून आलेला होता, त्याचं काय व्हायचं ते होईल. तुम्हाला मात्र मी आईचं न ऐकता पसंत केलं होतं. आईचंच खरं होतं, एवढं धाकटीला आठवायला नको."