दिवसाला चाळीस वेळा

मी एका म्हशीला एक बादली पाणी पाजलं, एवढंच. त्यापायी नगरहून लाल क्रॉसची जीप आली, माझ्या तोंडात काचेची नळी गेली आणि हॉलंड नावाच्या देशाला माझ्या पोटाची काळजी लागली. (हॉलंड कुठं आलं ते मला विचारू नका. मी चौथीला दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा भूगोलाच्या पेपरादिवशी घोडेगावचा बाजार होता.)

बहात्तर साल सरून त्र्याहत्तर लागलं होतं. पाऊस नाही म्हणून पीक नाही. शेवगावपासून सात मैलांवरचं आमचं गाव तव्यासारखं सपाट नि स्वच्छ दिसायचं. अशा टायमाला हॉलंडातल्या एका विद्यापीठाची आणि पुण्यातल्या एका कॉलेजची सोयरीक जमली. खेड्यातल्या लोकांना पाणी आणि स्वच्छता शिकवायची, असा बेत. नवरदेव तिकडचा, नवरी पुण्याची, आणि मांडव आमच्या चावडीपुढं.

नवरदेवाकडून आले यानसाहेब. साडेसहा फूट उंची. आमच्या मारुतीच्या देवळात शिरताना वाकले ते बाहेर येईपर्यंत सरळ झाले नाहीत. नवरीकडून आल्या शरयूताई, पुण्याच्या कॉलेजात शिकवणाऱ्या. साहेबाचं बोलणं आमच्यात आणि आमचं साहेबात ओतायचं काम त्यांचं.

पहिल्याच दिवशी साहेबानं पाण्यातल्या जंतूंचं रंगीत चित्र टांगलं आणि हे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत म्हणून सांगितलं. मी मागनं विचारलं, "दिसत न्हाईत तर साहेबांनी चित्र कुनाला बसवून काढलं?" चावडी हसली. शरयूताईंनी तेवढं एक वाक्य ओतायचं टाळलं.

मग मुद्द्याची गोष्ट निघाली. गावात नमुना म्हणून एक संडास बांधायचा. कुणाच्या घरी बांधू? सगळे बापे आपापल्या चपलांकडं बघायला लागले. (आमची बाप्यांची पहाटेची बैठक ओढ्यावर भरायची. तालुक्याचं अर्धं राजकारण तिथंच ठरायचं. ते सोडून कोण चार भिंतीत जाऊन बसतो.) तेवढ्यात बायकांच्या बाजूनं एक हात वर झाला. बांगड्या मी ओळखल्या. आमच्याच.

"आमच्या घरामागं बांधा," मनकर्णा म्हणाली. "यंदा बाजरी न्हाई, तूर न्हाई, आडोशाला एक ताट उभं न्हाई. बायामानसांनी बसायचं कुटं? उजाडायच्या आत मैलभर चालायचं, न्हाईतर दिसभर पोट धरून ऱ्हायाचं. त्या भ्यानं आमी पानीसुदिक पीत न्हाई."

कुणी हसलं नाही. मलाही काही सुचलं नाही. (असं माझ्या आयुष्यात दोनदाच झालंय. पहिल्यांदा लग्नात.)

साहेबानं अट घातली. दोन महिने हा संडास नीट वापरात राहिला तर आमच्या गल्लीत आणखी दहा बांधायचे. नाही राहिला तर सामान उचलून अकोले तालुक्यात जायचं. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. त्यांचं सगळं घोडं त्या दोन महिन्यांवर अडलं होतं.

संडास बांधला. पक्क्या विटा, पत्र्याचं दार, आत पांढरंशुभ्र भांडं. आमच्या घरापेक्षा चांगली इमारत. (पाहुणे आले की आधी तिकडंच बघायचे नि म्हणायचे, चांगली खोली काढली की.) शेजारी दोनशे लिटरचा लोखंडी ड्रम. दुष्काळात संडासाला पाणी कुठलं, म्हणून दर सोमवारी साहेबाची जीप टाकी ओढत यायची आणि ड्रम भरून जायची. एका वेळेला दोन लिटर पाणी टाकायचं, असा साहेबाचा नियम. ड्रमाच्या आत रंगाचे पट्टे मारलेले. ग्रामसेवक काकासाहेब रोज येऊन आत डोकावायचा आणि किती पाणी उतरलं ते कागदावर लिहून न्यायचा. घरात माणसं दोन, मी आणि मनकर्णा. ड्रम पंधरा दिवस संपू नये, असं साहेबाचं गणित.

मी काही आत गेलो नाही. भिंतीकडं तोंड करून एकट्यानं बसायचं, ना कुणी बोलायला, ना कुणी उत्तर द्यायला. ही शिक्षा झाली. पहाटे शेजारच्या कारभारीची हाक आली की मी टमरेल घेऊन ओढ्याला. दीड तास गेला.

"अवो, तुमी आत जाता न्हवं?" मनकर्णा विचारायची.

"ओढ्याला नुसत्या गप्पा. आत जातो की." (जात होतो. तंबाखूची डबी तिथं थंड राहायची.)

आता म्हशीचं ऐका. तिचं नाव भुरी, सात महिन्यांची गाभण. टँकरचं पाणी माणशी मोजून मिळायचं, जनावराचा त्यात वाटा नाही. लोकांनी जनावरं छावणीला नेली, नाहीतर घोडेगावला नेऊन मातीमोलानं दिली. मला काही भुरीला न्यावंसं वाटलं नाही. ती ड्रमापाशी बांधलेली. दिवसभर पाण्याचा वास घ्यायची नि माझ्याकडं बघायची. मी विचार केला, दोन माणसांचं पाणी दिलंय, त्यातलं एक माणूस जातच नाही. म्हणजे माझ्या वाटणीचं पाणी पडूनच आहे. ते मी भुरीला दिलं तर कुणाच्या तोंडचं काढलं? (असली गणितं मला पटापट येतात. शाळेतली यायची नाहीत.)

पहिल्या दिवशी एक बादली. दुसऱ्या दिवसापासून सकाळी एक, संध्याकाळी एक.

सोमवारी भरलेला ड्रम बुधवारी संध्याकाळी वाजायला लागला. मी आत वाकून बघितलं, तळ दिसत होता. म्हशीनं एवढं ढोसलं असेल असं वाटलं नव्हतं.

"ऊन लई हाय," मनकर्णा दुसरीकडं बघत म्हणाली. "आटत असंल."

"लोखंड तापतंय ना," मी पण दुसरीकडं बघत म्हणालो.

तीस वर्षांच्या संसारात आमचं इतक्या झटपट कधी एकमत झालं नव्हतं. तिथंच मला संशय यायला पाहिजे होता.

असे तीन आठवडे गेले. साहेब भला माणूस, ड्रम संपला की जास्तीची टाकी पाठवायचा. आणि एका दुपारी मी तिसऱ्या भाकरीवर ठेचा घेऊन बसलो असताना ती लाल क्रॉसची जीप दारात थांबली. यानसाहेब उतरले, शरयूताई उतरल्या आणि नगरचे एक डॉक्टर बॅग घेऊन उतरले. डॉक्टरांनी आल्या आल्या माझ्यापुढचं ताट उचललं.

"कधीपासून होतंय?" शरयूताईंनी अगदी हळू आवाजात विचारलं.

"काय?"

"लाजू नका. काकासाहेबांचे कागद आम्ही पाहिले. रोज ऐंशी लिटर पाणी जातंय. एका वेळेला दोन लिटर. म्हणजे दिवसाला चाळीस वेळा. घरात तुम्ही दोघं. माणशी वीस वेळा होतात."

आता इथं शहाण्या माणसानं खरं सांगून टाकलं असतं. पण भिंतीवरून कारभारी डोकावत होता, जीपमध्ये गादी दिसत होती, आणि एवढी मोठी माणसं माझ्यासाठी आलेली मी कधी बघितली नव्हती. मी पोट धरलं.

"वीस न्हाई," मी कण्हत म्हणालो. "काल जरा बरं हुतं. अठराच."

शरयूताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. यानसाहेबानं माझा हात हातात घेतला. डॉक्टरांनी मला मागच्या पडवीत बाजेवर आडवं केलं, तोंडात ताप मोजायची नळी घातली आणि मीठसाखरेचं पाणी तांब्याभर पाजायला सांगितलं. भाकरी कुत्र्याकडं गेली. कारभारी भिंतीवरून म्हणाला, "गहिनीनाथ, आज पहाटं तर ओढ्यावर दीड तास बसून गप्पा हानल्या की."

"तवाच सुरू झालं," मी नळीच्या कडेनं म्हणालो.

इथवर मजा होती. मग डॉक्टर जीपच्या मागोमाग आलेल्या काकासाहेबाकडं वळले. "हा पटकीचा प्रकार दिसतो. खड्डा पाझरत असेल. संडास आत्ताच्या आत्ता बंद करा. चुना टाका, दाराला फळ्या ठोका."

काकासाहेब हातोडी आणायला गेला. यानसाहेब उंबऱ्यावर बसला, एवढा उंच माणूस एकदम छोटा दिसायला लागला.

"मग गल्लीतलं बाकीचं धा?" मनकर्णानं विचारलं.

शरयूताईंनी मान खाली घातली. मनकर्णानं पदर खोचला. उठली, परसात गेली आणि त्या पत्र्याच्या दाराला पाठ लावून उभी राहिली. बाजेवरून मला सरळ दिसत होती. ती ओरडते तेव्हा मी भीत नाही. पण ती गप्प उभी होती, माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती.

मी नळी तोंडातनं काढली.

"डॉक्टर, मला काय झालेलं न्हाई. पानी म्हशीनं पिलं. मी पाजलं. रोज दोन बादल्या. दार ठोकू नका, त्या बाईचा काय दोष न्हाई."

शरयूताईंनी हे साहेबाला ओतलं. साहेबानं म्हशीकडं पाहिलं, बादलीकडं पाहिलं, खिशातनं पेन्सिल काढून गणित केलं. मग काहीतरी बोलला.

"साहेब म्हणतात, तुमच्या दोन बादल्यांचे चाळीस लिटर. ते वजा केले तरी चाळीस राहतात. म्हणजे दिवसाला वीस वेळा. अजूनही माणशी दहा."

डॉक्टरांनी नळी पुन्हा माझ्या तोंडात घातली.

मी चक्रावलो. खरं बोलूनही आजारी, म्हणजे कमाल झाली. तेवढ्यात मनकर्णा दारापासून बोलली.

"त्यांना सोडा. ते चाळीस माजं हायेत."

"तुम्ही आजारी आहात?"

"न्हाई वो ताई. गल्लीतल्या बाया येत्यात. हे ओढ्याला गेलं की एक एक येती. मीच बोलावलं. आडोसा एक आन बाया धा, मग काय दार लावून बसू? साहेबांनी आमच्यापुरतं दिलं हुतं, मी वाटलं. बंद करायचं आसंल तर माज्या चुकीपायी करा, पर पटकी म्हनू नका."

आणि तिनं हाक मारली. परसातल्या कुडाआडून, जीप आल्यापासून कान देऊन बसलेली रंगुबाई आली, तिच्यामागं साळूबाई, मग भागूबाई आपल्या सत्तरीच्या सासूला, आक्काबाईला, हाताला धरून. मग आणखी सहाजणी. सगळ्या पदर तोंडाशी धरून उभ्या राहिल्या. साहेबानं बोटानं मोजल्या. मनकर्णा धरून अकरा. कुणी सकाळी एकदा येई, कुणी संध्याकाळीही. साहेबानं प्रत्येकीला विचारून पेन्सिलीनं रेघा मारल्या.

वीस भरल्या.

साहेब उभा राहिला आणि पडवीच्या आढ्याला त्याचं डोकं आपटलं. डोकं चोळत तो हसत होता नि भराभरा बोलत होता. शरयूताईंना ओतायला वेळ पुरेना. "साहेब म्हणतात, वापरतील का म्हणून आम्ही दोन महिने बघणार होतो. आता बघायचं काही राहिलं नाही. दहाही संडास या महिन्यात सुरू करायचे. आणि म्हशीला वेगळं पाणी मागून घ्या, ड्रमातलं नको."

काकासाहेब हातोडी घेऊन आला तो तसाच उभा राहिला. बायकांनी पदर सोडले. रंगुबाई तर डॉक्टरांना म्हणाली, "आता आलाच हाय तर च्या घिऊन जा." आणि मनकर्णानं माझ्याकडं पाहिलं, म्हशीचं पाणी माफ झाल्यासारखं.

मी बाजेवर उठून बसलो. एवढ्यात यानसाहेब पुन्हा कागदाकडं बघायला लागला. म्हैस चाळीस लिटर. अकरा बाया चाळीस लिटर. एकूण ऐंशी. ड्रमातनं गेलेलं पाणी ऐंशी. बाकी शून्य.

शरयूताईंनी माझ्याकडं वळून विचारलं, "मग तुमचं पाणी यात कुठं धरायचं?"

भिंतीवर कारभारी खोकला. मी मीठसाखरेचा तांब्या तोंडाला लावला आणि पुरता संपवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे कारभारीनं हाक मारली, मी ओ दिली नाही. टमरेल घेतलं आणि माझ्याच घरामागं, माझ्याच दारापुढं जाऊन उभा राहिलो. आता चोरी उरली नव्हती, त्यामुळं बायका बिनधास्त रांगेनं बसल्या होत्या. मनकर्णानं मला बोटानं शेवटची जागा दाखवली. आक्काबाई माझ्या पुढं होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि माझ्या हातावर मायेनं थोपटलं.

"घाबरू नगस, लेकरा," म्हणाली. "पयल्या दिशी समद्यांनाच अवघड जातं. आत काय समजलं न्हाई तर हाळी दे, मी हितंच बसल्ये."