प्रतिष्ठित पंच भाईदास नाना

धुळ्यात देवपूरला राहणारे भाईदास नाना हे खुनांचे अभ्यासक होते. पोटासाठी त्यांनी सरकारी कचेरीत कारकुनी केली, पण ती गोष्ट वेगळी. निवृत्तीनंतर त्यांनी पूर्ण वेळ खुनांना वाहून घेतलं. जिल्ह्यात कुठे खून झाल्याचं कळलं, की नाना धोतर सावरून पहिली एसटी पकडत. मयताच्या घरी सुतक संपायच्या आत पोहोचावं, असा त्यांचा नियम होता. सुतकानंतर लोकांच्या आठवणीत भेसळ होते, असं ते म्हणत.

संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर गल्ली जमायची. नाना शाळेत पाढे शिकवावेत तशा शांतपणे घाव समजावून सांगत. बायका दाराआड डाळ निवडत ऐकायच्या. ज्या दिवशी खून चांगला रंगे, त्या दिवशी गल्लीतली बरीच कुटुंबं जेवताना खडे चावत.

आता पंच म्हणजे काय, तेही सांगितलं पाहिजे. खुनाच्या तपासात पोलिसांना दोन प्रतिष्ठित पंच लागतात. पोलीस बघतील ते त्यांनी बघायचं, पंचनाम्यावर सही करायची आणि पुढे कोर्टात येऊन तेच सांगायचं. या शेवटच्या कामाला वर्षं लागतात. म्हणून गल्लीत पोलिसांची जीप शिरली, की प्रतिष्ठित माणसं मागच्या दाराने निघून जातात. भाईदास नाना तेवढे जीपमागे धावत.

असा माणूस मिळाल्यावर पोलीस खातं त्याला सोडणार होतं थोडंच? हवालदार पितांबर यांनी नानांना कायमचेच पंच करून टाकलं. पंच स्थानिक असावा लागतो, तेव्हा नाना हळूहळू सगळ्या जिल्ह्याचे स्थानिक झाले. आधी ते घटनास्थळी जाऊन सही करत. मग जीपला डिझेल नसे, म्हणून हवालदार कागद घेऊन ओट्यावर येऊ लागले. नानांचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून पुढे पंचनामाही नानाच लिहू लागले. मुद्देमालाच्या गाठोड्यावर चिकटवायच्या चिठ्ठ्यांवर तर त्यांनी सवडीने सह्या करून ठेवल्या होत्या. कामाचा खोळंबा नको.

"नाना, मागल्या वेळेसारखाच लिहा," हवालदार म्हणत. "साहेबांना तो फार आवडला. साहेब म्हणे, वाचताना अंगावर काटा येतो."

मागल्या वेळचा पंचनामा त्याच्या मागल्या वेळच्यावरून लिहिलेला असे. कुऱ्हाडीचा खून असला की नाना लिहीत, 'आरोपीने स्वखुशीने गोठ्यातील कडब्याखालून लोखंडी पात्याची, कडुनिंबाच्या दांड्याची कुऱ्हाड काढून दिली.' जिल्ह्यातले सगळे खुनी इतके स्वखुशीचे कसे, असं कोर्टानेही कधी विचारलं नाही.

पण एका वर्षी उन्हाळा फार कोरडा गेला. खूनच होईनात. ओट्यावरची माणसं उठून समोरच्या घरी टीव्ही बघायला जाऊ लागली. शेजारचे कौतिक टेलर तोंडावरच म्हणाले, "नाना, तेच ते किती दिवस ऐकायचं? माल ताजा पाहिजे."

नानांना ते लागलं. दुसऱ्याच दिवशी हवालदार चहाला आले आणि सहज बोलून गेले, की नरडाण्याकडच्या एका खेड्यात पुना आबा नावाचा म्हातारा विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरून पडला. डोकं दगडावर आपटलं. अकस्मात मृत्यू.

"अकस्मात?" नाना बशी खाली ठेवून म्हणाले. "नोंद कोणी केली तशी?"

"मीच."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"कठीण आणि बोथट वस्तूचा मार."

"म्हणजे कुऱ्हाडीची मागची बाजू."

"नाना, दगडही बोथटच असतो."

"दगड कोणावर खटला भरू देतो का?" नाना समजुतीने म्हणाले. "म्हाताऱ्याला पुतण्या आहे?"

"आहे. अभिमन."

"बांधावरून भांडण?"

"ते तर बठ्ठ्या खान्देशात शे, घरोघर."

"मग झालं. घरात कुऱ्हाड असेल तर तिला मागची बाजूही असणारच."

हवालदार विचारात पडले. उघडकीस आलेले गुन्हे कमी दिसतात, म्हणून साहेब नुकतेच वरून बोलणी खाऊन आले होते. इथे तर गुन्हा नोंदवायच्या आधीच उघडकीस आलेला. असा योग नोकरीत एखादाच. दोन दिवसांत अभिमन कोठडीत गेला, त्याच्या घरची कुऱ्हाड गाठोड्यात गेली, गाठोड्यावर नानांच्या सहीची चिठ्ठी बसली आणि नानांनी ओट्यावर बसून उत्तम पंचनामा लिहिला. त्या संध्याकाळी समोरच्या घरचा टीव्ही कोणी लावलाच नाही.

खटला उभा राहिला, तेव्हा सरकारची सगळी मदार नानांवर होती. दुसरा पंच पोटापाण्यासाठी सुरतेला गेला तो परतलाच नव्हता. साक्षीच्या आदल्या दिवशी अभिमनची आई झुंबरबाई देवपूरला आली आणि ओट्याच्या खालीच उभी राहिली.

"नाना, मना आंडोर अभिमन आत शे."

"बसा अक्का. चहा घ्या," नाना म्हणाले. मग त्यांनी तिला खुनी माणसाचे प्रकार नीट समजावून सांगितले. रागाने मारणारे, लोभाने मारणारे आणि थंड डोक्याचे. अभिमन दुसऱ्यात मोडत होता.

झुंबरबाईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मले इतलं काही समजत नही. मले एकच ठाऊक शे. पोलीसनी कुऱ्हाड लिधी तैं तुम्ही तठे नही व्हतात. उद्या इतलंच सांगा. नहीतर मना आंडोर जन्मभर आत राही."

ती गेल्यावर नानांच्या पत्नी यशोदाबाई उंबऱ्यावरून म्हणाल्या, "तुम्ही तर त्या दिवशी घरीच होता. मीच उडदाचे पापड लाटायला घेतले होते आणि तुम्ही लाट्या खात बसला होता."

"तुला कायद्यातलं कळत नाही," नाना म्हणाले आणि पंचनामा पाठ करायला बसले.

कोर्ट भरून गेलं होतं. अख्खी गल्ली आली होती. नानांनी साक्ष अशी दिली, की पंखाही हळू फिरतोय असं वाटावं. आरोपी पुढे, पंच मागे, तो कडबा, ती कुऱ्हाड. पिंजऱ्यातला अभिमन स्वतः तोंड उघडं टाकून ऐकत होता. आपण हे कधी केलं, ते आठवायचा प्रयत्न करत असावा.

मग आरोपीचे वकील उठले. त्यांनी कोर्टाच्या परवानगीने गाठोडं सोडवलं आणि कुऱ्हाड नानांच्या हातात दिली.

"नाना, दांडा कशाचा आहे?"

नानांनी अंगठा फिरवला. "बाभळीचा."

"पंचनाम्यात काय लिहिलंय?"

"कडुनिंबाचा."

"म्हणजे तुम्हाला लाकूड ओळखता येत नाही."

मागून कौतिक टेलर खुदकन हसले. नानांचा चेहरा लाल झाला. खोटारडा म्हटलं असतं तर त्यांनी सोसलं असतं, पण अडाणी?

"वकीलसाहेब, मी शेतकऱ्याच्या पोटचा आहे. लाकूड मी डोळे मिटून ओळखतो. मी ही कुऱ्हाड बघितली असती, तर बाभळीचाच लिहिलं असतं."

टाइप करणाऱ्याचा हात थांबला. न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं. "म्हणजे तुम्ही ती बघितली नव्हती?"

"गाठोडं बांधूनच आलं होतं, साहेब. मी फक्त अभ्यास केला."

अभिमन सुटला. हवालदार पितांबर यांची बदली झाली. कोर्टाने नानांना असं झापलं, की पुन्हा कोणत्याही जीपने त्यांच्यासाठी हॉर्न वाजवला नाही. गल्लीही नाराज झाली, पण खोट्या पंचनाम्याबद्दल नव्हे. खून झालाच नव्हता, हे कोणाला पटेना.

काही दिवसांनी अभिमन देवपूरला आला. "नाना, कोर्टाने सोडलं, पण गाव सोडत नही. मन्हा हातनं पाणी कोणी घेत नही. लग्न ठरेल व्हतं, ते मोडनं. तुमनं लोक ऐकतस. एकदा सांगा ना, आबा पाय घसरीसन पडना."

नानांना वाईट वाटलं. संध्याकाळी त्यांनी अभिमनला शेजारी बसवलं आणि ओट्यावर सांगायला सुरुवात केली. म्हातारा पाणी आणायला गेला. पायरीवर शेवाळ होतं. पाय घसरला.

"मग?" कौतिक टेलर म्हणाले.

"मग काही नाही. वारला."

"ढकललं कोणी?"

"कोणी नाही."

लोक थोडा वेळ थांबले. मग एक उठला, मागोमाग दुसरा. दाराआडच्या डाळीचा आवाजही बंद झाला. "आणि म्हणे, नाना कोर्टात खरं बोलले," जाता जाता कोणीतरी म्हणालं. शेवटी ओट्यावर नाना आणि अभिमन दोघेच उरले. नाना हताश होऊन स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "आज पेपरला जळगावची बातमी आहे. मेहरूणला तलावाकाठी एक पेटी सापडली. कुलूप लावलेली."

गल्लीतली पावलं थांबली. कौतिक टेलर परत फिरले. डाळ पुन्हा खळखळू लागली. अभिमनने पाय दुमडून घेतले आणि तो नानांच्या आणखी जवळ सरकला.

"नाना," तो हळूच म्हणाला, "पेटीत कोण व्हतं?"

पेटीत कोण होतं, ते नानांनी त्या संध्याकाळी सविस्तर सांगितलं. वाचकांनाही ऐकायचं असेल, तर ओटा देवपुरातच आहे. फक्त जरा सरकून बसावं लागेल. आणि अभिमन शेजारी आला, तर त्याच्याकडे तसं बघू नये.