दादांच्या कात्रीचा कौल

“बाबा, मला काहीच ऐकू येत नाहीये!”

चिमीने हे इतक्या मोठ्याने सांगितलं की समोरच्या इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी ठेवून रस्त्यापलीकडून विचारलं, “काय झालं हो दादा?”

तिचे वडील, म्हणजे सगळ्यांचे दादा, सलूनचं शटर वर ढकलत होते. ते तसेच अर्धवट वाकलेले राहिले. “अगं, हळू बोल.”

“काय?”

“हळू बोल म्हणतोय!”

“ऐकू येत नाही म्हणून सांगतेय ना!”

सर्दीने चिमीचे दोन्ही कान गच्च बसले होते. डॉक्टरांनी थेंब दिले होते आणि कान आपोआप मोकळे होतील, घाई करू नका, असं सांगितलं होतं. डॉक्टरांचं सांगायला काय जातं? चिमी एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत ‘या आठवड्यात काय ऐकाल?’ हे सदर लिहायची. नवे आलेले अल्बम ऐकायचे आणि रॅपपासून पियानोपर्यंत प्रत्येक तऱ्हेचा एक एक वाचकांना सुचवायचा, हे तिचं काम. आज संध्याकाळी मजकूर द्यायचा होता आणि तिला स्वतःचा खोकलासुद्धा ऐकू येत नव्हता.

दादांनी वाटीत दाढीचा फेस केला आणि बोटाने आरशावर लिहिलं, “आजारी आहे म्हणून कळव.”

“आणि सदर जावईबापूंच्या घशात घालू? टपूनच बसलाय तो माणूस!”

जावईबापू म्हणजे संपादकांचे जावई. ते त्याच कचेरीत होते. त्यांना गाण्यातलं काही कळत नव्हतं, पण सदराबरोबर फोटो छापतात एवढं कळत होतं. मागे एकदा चिमीने सुट्टी मागितली, तर हे फोटो काढूनच आले होते.

दादांना सदराचं वाटायचं ते वेगळ्याच कारणाने. गेल्या वर्षी चिमीची आई गेली. तेव्हापासून जेवताना घरात जे काही बोलणं व्हायचं, ते या अल्बमांचंच. कोण बेसूर गायलं, कुणी कुणाची चाल उचलली, हे चिमी सांगायची आणि दादा काही न कळता हं हं करायचे. सदर गेलं तर दोघं ताटाकडे बघत जेवतील, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यांनी आरसा पुसला आणि पुन्हा लिहिलं, “मी ऐकतो. तू लिही.”

आरशाशेजारच्या फळीवर पूर्वी रेडिओ असायचा. वर्षभर ती फळी रिकामीच होती. चिमीने तिथे आपला छोटा स्पीकर ठेवला आणि पहिला अल्बम लावला. दादा हात मागे बांधून उभे राहिले.

“कसा आहे?”

“बरा आहे,” दादांनी लिहिलं.

चिमीने दुसरा लावला. “आणि हा?”

“हाही बरा.”

“अहो, दोघांत काही फरक असेल ना!”

दादांनी खूप विचार केला. मग लिहिलं, “हा मोठा आहे.”

चिमीने कपाळावर हात मारला. तेवढ्यात बँकेतला कॅशियर केस कापायला आला, म्हणून परीक्षण तिथेच थांबलं. चिमी बाकावर बसून तिसरा अल्बम लावते न लावते, तोच तिचं लक्ष समोर गेलं. अल्बम रॅपचा होता. दादांची कात्री कॅशियरच्या डोक्यावर अशी सुटली होती की हात दिसत नव्हता. चिमीने अल्बम बदलून पियानो लावला. कात्री मंदावली. एक बट उचलायची, तिच्याकडे बघायचं, मग हलकेच कापायची. पुन्हा रॅप लावला. पुन्हा केस उडायला लागले.

“बाबा, तुमची कात्री गाण्यावर चालते!”

“काहीतरीच काय!” दादा म्हणाले.

“आईला ठाऊक होतं हे. बाकावर गर्दी झाली की ती रेडिओवर दणदणीत काहीतरी लावायची. गर्दी सरली की संथ.”

दादा थबकले. गल्ल्यावरून सारखी उठून बायको रेडिओचं बटण का फिरवत राहते, असं ते कायम तिला टोकायचे. गर्दी बघून आपण आपल्या अकलेने हात उचलतो, असा त्यांचा समज होता. “मला कधी बोलली नाही ती,” ते पुटपुटले.

“सांगितलं असतं तर तुम्ही मुद्दाम उलटं केलं असतं,” चिमी म्हणाली. तिने ओठांवरून ओळखलं असावं, किंवा हे उत्तर घरात आधीपासून तयार असावं.

“तुमच्या घरचं सगळं ठीक आहे,” कॅशियर म्हणाला, “पण माझे केस किती उरलेत ते बघा.”

फार उरले नव्हते. पण चिमीला वाट सापडली होती. एक अल्बम, एक गिऱ्हाईक. ती समोर बसून कात्री बघायची आणि भराभर लिहायची. रॅपबद्दल तिने लिहिलं, “श्वास घ्यायला वेळ देत नाही. थांबवू म्हटलं तरी थांबत नाही.” कॅशियर टोपी विकत घ्यायला गेला.

मग रंगारी बसला. त्याच्या वाट्याला जॅझ आलं. दादांची कात्री मध्येच अडायची, मध्येच पुढे पळायची, कधी नुसतीच हवेत चालायची.

“दादा, डावीकडचे कल्ले वर गेलेत,” रंगारी म्हणाला.

“मग उजवे वर घेतो.”

“आता उजवे जास्त गेले!”

“भिंत रंगवताना होतं की नाही तुमचं असं?”

“आम्ही वरून दुसरा हात मारतो हो! इथे काय मारणार?”

चिमीने लिहिलं, “कुठे जाईल याचा नेम नाही, यातच याची गंमत आहे.”

पियानोच्या अल्बमवर निवृत्त मास्तर बसले आणि पाचव्या मिनिटाला घोरायला लागले. दादा एकेक केस असा कापत होते, जणू केस परत मागायला कुणी येणार आहे. बाकावर माणसं साचली. चिमीने मास्तरांचा उघडा जबडा बघितला आणि लिहिलं, “दिवसभराचा शीण उतरवणारा.” मास्तरांना तसंच बाकावर टेकवून पुढचं गिऱ्हाईक घ्यावं लागलं.

शेवटी मेटल राहिलं. एका नव्या बँडचा पहिलाच अल्बम होता, नाव ‘लोखंडी जंगल’. खुर्चीत वकीलसाहेब होते आणि त्यांना दाढी करायची होती. दादांनी गळ्याला फेस लावला, वस्तरा उघडला, आणि स्पीकरमधून पहिली किंकाळी आली. पाठोपाठ डब्यांचं दुकान जिन्यावरून खाली आल्यासारखा आवाज झाला. दादांच्या मनगटाला आपोआप झटका बसला. आरशात वकीलसाहेबांचे डोळे मोठे झाले.

“दादा,” वकीलसाहेब मान न हलवता म्हणाले, “माझी उद्या तारीख आहे.”

वस्तरा आणि हे संगीत एकत्र चालणार नाही, एवढं दादांना गाण्यातलं न कळूनही कळलं. त्यांनी हात लांब करून स्पीकर बंद केला. चिमी तेव्हा मान खाली घालून अल्बमचं नाव टिपत होती. हिला मागून सांगू, असं दादांनी ठरवलं.

स्पीकर बंद झाला आणि सलून एकदम गप्प झालं. तसं ते वर्षभर गप्पच होतं. पण सकाळपासून गाणी वाजत होती, म्हणून असेल, दादांना ते आत्ता जाणवलं. आरशात मागची गल्ल्याची खुर्ची दिसत होती. त्यांचा वस्तरा हवेतच राहिला. वकीलसाहेबांनी सुटलो म्हणून डोळे मिटून हात पोटावर ठेवले होते. बाकावरची माणसंही सुटल्यासारखी मागे टेकली होती.

चिमीने वर बघितलं तेव्हा तिला दिसलं ते नेमकं हे. मेटल लागलंय, वडलांचा हात थांबलाय, त्यांचे डोळे भरलेत आणि वकीलसाहेबांच्या तोंडावर कधी नव्हे ती शांती आहे. तिचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. मग बसला, आणि ती लिहायला लागली.

दादा भानावर येऊन वकीलसाहेबांचा उरलेला गाल करेपर्यंत तिने मजकूर पाठवूनसुद्धा दिला होता. “बाबा, जमलं!” असं म्हणून तिने त्यांना मिठी मारली. वर्षभरात ती इतकी खुश दिसली नव्हती. स्पीकर बंद केल्याचं सांगण्यासाठी दादांनी बोट फेसात बुडवलं होतं. ते आरशाजवळ नेलं आणि लिहिलं, “छान.”

सकाळी पुरवणी आली. स्वतः वाचायचा धीर होईना, म्हणून दादांनी ती इस्त्रीवाल्याकडून मोठ्याने वाचून घेतली.

“‘मेटल म्हणजे कानठळ्या, हा आपला समज या मुलांनी खोटा पाडला आहे. पहिला सूर लागला आणि उगारलेला हात थांबला. इतकं हळुवार संगीत मी यंदा अनुभवलं नाही. घरातल्या आजाऱ्यांना, वृद्धांना, तान्ह्या बाळांना जरूर ऐकवा. आवाज पूर्ण मोठा ठेवा.’ वा! लावू का मी दुकानात?”

“नको,” दादा खुर्चीत बसत म्हणाले.

पण लोकांनी लावला. पुरवणीवर लोकांचा विश्वास होता. प्रसूतिगृहात सगळी बाळं एकदम रडायला लागली आणि बाहेर उभ्या असलेल्या एका बापाला घेरी आली. ध्यानाच्या वर्गातली मंडळी मिटल्या डोळ्यांनी एकमेकांवर आपटली. वृद्धाश्रमात कित्येक महिने अंथरुणाला खिळलेले एक आजोबा ताडकन उठले, चालत गेले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने वायर उपटली. तेवढं एक चांगलं झालं, पण आश्रमाच्या बाईंनी फोन केला तो तक्रारीचाच.

दुपारी संपादकांनी चिमीला बोलावलं. ऐकायला कुणीतरी हवं म्हणून दादा बरोबर गेले. केबिनमध्ये जावईबापू आधीच होते. केस नुकतेच विंचरलेले, हातात पाकीट. पाकिटात काय असणार हे सांगायला नको.

“हिने अल्बम ऐकला होता का?” संपादकांनी विचारलं.

चिमी दादांच्या तोंडाकडे बघत होती. सांभाळून घेणारं एखादं वाक्य दादांना हवं होतं. पण खोटं बोलायला जी तयारी लागते, ती त्यांच्याकडे कधीच नव्हती. त्यांनी कान, कात्री, वस्तरा, स्पीकर सगळं सांगून टाकलं.

“म्हणजे,” संपादक म्हणाले, “एवढं भरभरून लिहिलंय ते बंद पडलेल्या स्पीकरबद्दल?”

“मी बंद केला, साहेब. पडला नाही. आणि ते स्पीकरबद्दल नाहीये. हिची आई गल्ल्यावर बसायची. त्याबद्दल आहे. हिलाही ते ठाऊक नाही.”

संपादकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. 

“बाबा, मी राजीनामा देऊ का?” चिमी हळूच म्हणाली. म्हणजे तिला ते हळू वाटलं. बाहेरची सगळी कचेरी उभी राहिली.

“भावना वगैरे ठीक आहे,” जावईबापू पाकीट पुढे सरकवत म्हणाले, “पण वाचकांचं काय? मी तर म्हणतो, या अंकापासून सदर माझंच असं जाहीर करून टाका.”

एवढ्यात केबिनचं दार धाडकन उघडलं. दारात एक आडदांड माणूस उभा होता. काळे कपडे, दंडावर गोंदलेल्या कवट्या, कमरेपर्यंत केस. दादांची नजर सवयीने केसांकडे गेली. टोकं दुभंगली होती.

“‘लोखंडी जंगल’ आमचं आहे,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. “त्यावर लिहिणारा कोण आहे?”

संपादकांनी क्षणभरही न दवडता जावयाकडे बोट दाखवलं. “हे. सदर यांचं आहे.”

“मी नाही!” जावईबापू कपाटाच्या आड होत किंचाळले. “हिचं आहे! पहिल्यापासून हिचंच आहे! माझा त्या सदराशी काडीचा संबंध नाही, लिहून देतो!”

तो माणूस चिमीकडे वळला. दादा मध्ये उभे राहिले. पण तो माणूस टेबलाजवळच्या खुर्चीत बसून लहान पोरासारखा रडायला लागला.

“तिसरं गाणं आई गेल्यावर लिहिलंय मी,” तो म्हणाला. “घरचेसुद्धा म्हणतात, आवाज कमी कर. आत काय आहे ते आजवर एकालाही दिसलं नाही. ताईंना दिसलं.”

संपादकांनी दादांकडे बघितलं. दादांनी संपादकांकडे बघितलं. 

“काय म्हणतायत हे?” चिमीने विचारलं.

“सदर तुझंच राहिलं म्हणतायत,” दादा म्हणाले आणि अंगठा वर केला.

“जावईबापू स्वतःच म्हणालेत,” संपादकांनी पाकीट परत करत सांगितलं. “सगळ्यांनी ऐकलंय.”

पण गायक उठेना. ताईंना समोर बसवून अख्खा अल्बम वाजवल्याशिवाय जाणार नाही, असं त्याने सांगितलं. नाही म्हणायची हिंमत केबिनमध्ये कुणाची नव्हती. अर्ध्या तासात बापलेक एका तळघरात, माणसाएवढ्या उंच स्पीकरांसमोर, दोन प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसले होते.

पहिल्या ठोक्याला छताचा पोपडा दादांच्या मांडीवर पडला. चिमी बागेत बसल्यासारखी हसऱ्या चेहऱ्याने मान डोलावत होती. तिला काय जातंय! दादांचे दोन्ही कान शाबूत होते. त्यांनी दार शोधलं, तर ते ड्रमवाल्याच्या मागे होतं. दुसरं गाणं त्यांनी दात आवळून काढलं.

तिसऱ्या गाण्यात गायक एकच ओळ पुन्हा पुन्हा ओरडत होता. आधी ती नुसती आरडाओरड होती. चौथ्या-पाचव्या वेळी दादांना शब्द लागले. “दार उघड, मी आलोय घरी,” असं तो म्हणत होता. पुन्हा तेच, पुन्हा तेच, कुणी उघडत नसल्यासारखं. दादा खुर्चीत पुढे सरकले. त्यांनी डोळे मिटले. मांडीवर ठेवलेल्या उजव्या हाताची दोन बोटं आपोआप चालायला लागली.

नेमक्या त्याच वेळी चिमीच्या कानात फट्‌कन काहीतरी सुटलं. आधी उजवा कान मोकळा झाला, मग डावा. ती ताडकन उभी राहिली.

“अगं बाई गं! बाबा, हे काय आहे! अहो उठा, चला इथून!”

दादांनी डोळे न उघडताच तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

“थांब गं जरा,” ते म्हणाले. “ऐकू दे मला.”