तीन-दोन की तीन-तीन

एन्सियोच्या पत्राला आर्मासने उत्तर दिलं नव्हतं, त्याला आता तिसरा हिवाळा सरत आला होता. पत्र स्वीडनहून आलेलं, अगदी त्रोटक. 'तू क्लबचा इतिहास लिहितोयस असं कळलं. माझा शेवटचा गोल त्यात धरणार आहेस की नाही, तेवढं कळव. वाट बघत बसण्याचं माझं वय आता राहिलेलं नाही.'

आर्मास हा हाउकिलाम्पी गावचा निवृत्त ग्रंथपाल. शेजारच्या माणसाला उठवायला नको म्हणून बसमध्ये आपला थांबा सोडून देणारा आणि पुढच्या थांब्यावरून चालत घरी येणारा. इतिहासही त्याने मागून घेतलेला नव्हता. क्लबच्या सभेत 'कोण लिहील?' असा प्रश्न आला, तेव्हा सगळे आपापल्या बुटांकडे बघत बसले आणि आर्मासला नेमका खोकला आला. सभेने त्याचा अर्थ होकार असा लावला.

सगळी प्रकरणं लिहून झाली होती, एक सोडून. पूर्वी या गावात सगळंच दोन-दोन होतं. दोन दुकानं, दोन वर्तमानपत्रं, दोन बँडपथकं आणि अर्थातच दोन फुटबॉल क्लब. लाकडाच्या कारखान्यातल्या कामगारांचा 'तार्मो' आणि दुकानदार-शिक्षकांचा 'किरी'. दोघांच्या शेवटच्या सामन्यात अगदी अखेरच्या क्षणी तार्मोच्या एन्सियोने चेंडू मारला आणि किरीचा गोलकीपर कालेर्वो त्यावर पोटासकट पडला. रेफरीने शिट्टी फुंकली. ती गोलची की सामना संपल्याची, हे न सांगताच त्याने बस पकडली. दुसऱ्या दिवशी कामगारांच्या पेपरात निकाल आला तीन-तीन. दुसऱ्या पेपरात तीन-दोन. एन्सियो त्याच आठवड्यात स्वीडनला मोटारींच्या कारखान्यात गेला, भांडायलासुद्धा थांबला नाही. पुढे दोन्ही क्लब एक झाले. सदऱ्यांच्या रंगांपासून कॉफीच्या भांड्यांपर्यंत सगळ्यावर एकमत झालं, या निकालावर तेवढं झालं नाही.

शेवटी आर्मासला युक्ती सुचली, आणि ती त्याला स्वतःलाच इतकी पटली की तो दोन दिवस शीळ घालत हिंडला. सामना डोळ्यांनी पाहिलेले गावात दोघंच उरले होते. एक कालेर्वो, दुसरा तार्मोचा बचावपटू ओइवा. या दोघांना सौनात, म्हणजे तापल्या दगडांवर पाणी टाकून वाफ घ्यायच्या खोलीत, बसवून विचारायचं. देवळात आणि सौनात माणूस खोटं बोलत नाही.

पण कुठल्या सौनात? सौनाही दोन होते. तळ्याकाठच्या कामगारांच्या सौनातली भट्टी आपल्याला बघून रुसते, असं कालेर्वोने कळवलं. शाळेमागच्या सौनात आपला पाय पडणार नाही, असं ओइवाने कळवलं. राहिला आर्मासच्या घरचा. कपाटाएवढा, आणि गेली कित्येक वर्षं त्यात विश्वकोशाचे खंड ठेवलेले. त्याने ते सगळे बाहेर काढले आणि भट्टी लावली.

तिघं म्हातारे गुडघ्याला गुडघा लावून वरच्या फळीवर बसले. आर्मासने प्रश्न पाठ करून ठेवले होते. त्यातला एकही तोंडातून निघेना. चष्मा मात्र तापून नाकाला चटके देऊ लागला.

"एन्सियोचं पत्र आलंय," तो अखेर म्हणाला.

"कधी?"

"झाली की तीनेक वर्षं."

मग ओइवा म्हणाला, "आत होता."

कालेर्वोने ओगराळंभर पाणी तापल्या दगडांवर टाकलं. "बाहेर."

ओइवाने दोन ओगराळी टाकली. "आत."

पुढे शब्दही थांबले आणि नुसतं पाणी बोलू लागलं. आधी उठेल तो हरला, असाच जणू हिशेब होता. दोघं लालबुंद होऊन समोरच्या भिंतीकडे बघत होते. मध्ये सापडलेल्या इतिहासकाराला उठावंसं वाटत होतं, पण कोणाला सरकायला सांगणं जिवावर आलं. परिणामी भोवळ येऊन तो फळीवरून अलगद घसरला. मग दोघांनी त्याला उचलून अंगणातल्या बर्फात ठेवलं आणि पंचे गुंडाळून बाजूला उभे राहिले.

कुंपणापलीकडे सहकारी दुकानाचं पार्किंग. रस्ता रुंद झाला तेव्हा मैदान पुढे हलवलेलं. जुना गोल होता तिथे आता सामानाच्या ढकलगाड्यांची शेड होती.

"तिथेच अडवला मी," कालेर्वो बोट दाखवत म्हणाला.

"दाखव," ओइवा म्हणाला.

आर्मास सावरल्यावर तिघं पंच्यावर आणि रबरी बुटांत पार्किंगमध्ये आले. शेडचे दोन खांब जुन्या गोलच्याच जागी आहेत, यावर आश्चर्य म्हणजे वाद झाला नाही. रेषा कालेर्वोने स्वतः टाचेने बर्फात ओढली. गोलकीपरला आपली रेषा ठाऊक असतेच, म्हणाला. दुकानाची व्यवस्थापक मार्केता धावत आली. तिला वाटलं, कोणाला तरी झटका आलाय. आर्मासने पंचा घट्ट धरून तिला सांगितलं की हे इतिहासाचं काम आहे. इतिहास असेल तर हरकत नाही, पण गिऱ्हाइकांच्या गाड्या अडवू नका, असं ती म्हणाली. ओइवाने तिच्याकडून कोबीचा एक गड्डा मागवला.

एन्सियो व्हायचं आर्मासच्या वाट्याला आलं. त्याने जन्मात चेंडूला पाय लावला नव्हता. त्याने डोळे मिटले आणि लाथ घातली. कोबी घरंगळत निघाला. कालेर्वो डावीकडे झुकला, मग एक गुडघा, मग कोपर, असा टप्प्याटप्प्याने पण अगदी तेव्हाच्याच तऱ्हेने तो पडला आणि कोबी पोटाखाली घेतला.

मग त्याने मान वर करून रेषा शोधली. ती त्याच्या पायाशी होती. तो स्वतः, पोट आणि कोबी, सगळे पलीकडे, गोलच्या आत.

कालेर्वो बराच वेळ तसाच पडून रेषेकडे बघत राहिला.

"आत होता," तो म्हणाला.

हे ऐकायला ओइवाने सगळी हयात घालवली होती. आता करायचं काय, ते त्याला कळेना. "ऊठ, गारठशील," तो म्हणाला आणि आपला पंचा सोडून त्याने कालेर्वोच्या खांद्यावर टाकला. मार्केता तोंड फिरवून आत गेली.

कपडे घालून तिघं दुकानातल्या टेबलावर कॉफी आणि वेलचीचे पाव घेऊन बसले. कार्डांच्या मांडणीत ईस्टरची पिवळी पिल्लंच शिल्लक होती. आर्मासने त्यातलं एक घेतलं.

"लिही," कालेर्वो म्हणाला. "आत होता. कालेर्वोने स्वतः सांगितलंय."

आर्मासने लिहिलं.

"आता पुढे लिही. पण एन्सियो, तू ऑफसाइड होतास, आणि ऑफसाइडचा गोल धरत नाहीत."

"काय?" ओइवा म्हणाला.

"हा बघ." कालेर्वोने मीठदाणी उचलली. "हा एन्सियो. हा कप म्हणजे त्याला पास देणारा तू. आणि तू होतास इथे, मागे."

"मी इथे कधी होतो? कप पुढे घे."

"घेणार नाही."

दर वेळी आर्मास अशा जागी थांबत असे. दोघांचं एकमत होईस्तोवर, निदान दोघं गप्प होईस्तोवर. या वेळी त्याने ऑफसाइडचं काही न लिहिता कार्ड एकदा वाचलं. 'उशिराबद्दल माफ कर' एवढं खाली घातलं, तिकीट लावलं आणि भर वाक्यात उठला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने कोणाला तरी सरकायला सांगितलं. ओइवा चकित होऊन सरकला.

दाराबाहेरच्या नारिंगी टपालपेटीत त्याने कार्ड टाकलं. काचेतून आत पाहिलं तर मीठदाणी आता पावाच्या बशीपलीकडे गेली होती आणि दोघं मार्केताला साक्षीला बोलावत होते.