बारा खोल्यांचे साबण

नवा भाडेकरू आला की धुडकूआप्पा त्याचं नाव नंतर विचारत. आधी विचारत, "भाऊ, साबन कोनता?" अंगाचा आणि कपड्यांचा, दोन्ही. उत्तर पसंत पडलं नाही तर संध्याकाळी स्वतः दुसरी वडी आणून देत आणि पहिली परत नेत.

लिंबायतच्या आमच्या कामगार गल्लीत नव्वदच्या दशकात गटार पोहोचली नव्हती. बारा खोल्यांच्या मोऱ्यांचं पाणी दारात साचे. कापडाच्या लूमवर काम करणाऱ्या आप्पांनी त्यावर खोल्यांमागे तीन हौद बांधले. पहिल्यात गाळ बसे. दुसऱ्यात खडी, रेती आणि वर कर्दळ. तिसऱ्यात निवळलेलं पाणी येई, ते झाडांना आणि अंगण धुवायला. धुण्याच्या भारी पावडरीने कर्दळ पिवळी पडते, म्हणून ही साबणाची चौकशी.

पाणी हळू झिरपतं अशी तक्रार आली की आप्पांचं उत्तर ठरलेलं. "पानी मरत नही, थकस. त्याले दम खाऊ द्या."

"तुमच्या कर्दळीला विचारून आंघोळ करू का?" शेजारच्या सुमनबाई विचारत.

"इचारा. पन दोन तांब्या कमी ल्या."

आप्पांचं गाव शिंदखेड्याकडचं, उन्हाळाभर टँकरवर जगणारं. बायको तिथेच, तिच्या म्हाताऱ्या सासूपाशी. गावात अशी गाळणी झाली तर राखायला माणूस लागेल, म्हणजे आपल्याला लूम सोडून घरी जाता येईल, असा आप्पांचा हिशेब होता. तीन पत्रांनंतर सरपंचांचा निरोप आला. भाऊबीजेला ते आमच्या शेजारच्या उधन्यात बहिणीकडे येणार होते, तेव्हा हौद बघणार होते.

गाळणीची ती पहिलीच दिवाळी. आप्पांनी साबणाचा विचार केला होता, नरक चतुर्दशीचा नाही. बारा खोल्यांनी तेल-उटणं लावून अभ्यंगस्नान केलं. रेतीवर चिकट थर बसला आणि दुपारपर्यंत दुसरा हौद तुंबून वास मारू लागला. चौकशीत निष्पन्न झालं की तेलाची पहिली आंघोळ आप्पांचीच होती.

आप्पा हौदाच्या कठड्यावर नुसते बसून राहिले. शेवटी सुमनबाईंनीच पदर खोचला.

"उठा आप्पा. दम पाण्यानं खायचा, तुम्ही कशाला खाताय?"

पाडव्यापर्यंत बारा घरांनी रेती घमेल्यांनी उपसली, कढत पाण्याने धुतली आणि परत भरली. शेव-चिवडा हौदाकाठीच संपला. दोन दिवस सगळ्यांनी आंघोळ बिनसाबणाची केली.

भाऊबीजेला सरपंच आले. तिसऱ्या हौदातलं पाणी ओंजळीत घेऊन त्यांनी हुंगलं.

"वास नही. करू गावात. पन धुडकू, गाळणी राखी कोन?"

"मी," आप्पा म्हणाले. प्रश्न पुरा व्हायच्या आत.

सगळे हसले. सुमनबाई चहा टाकायला आत गेल्या. आप्पा सरपंचांच्या जवळ सरकले आणि हलक्या आवाजात, घरचं विचारावं तसं त्यांनी विचारलं,

"नाना, मन्हा घर ती साबन आते कोनता वापरस?"

सरपंचांना माहीत असायचं कारण नव्हतं. बारा खोल्यांचे साबण तोंडपाठ असलेल्या आप्पांनाही बायकोचा माहीत नव्हता.